अहो, शेवटचा अंतरा राहिलाय!

(एका पेटीवाल्याकडून)



भीमजयंतीचे पोस्टर आपण सर्वांनी पाहिलेले आहे. मधोमध बाबासाहेब, वर तथागत, खाली अध्यक्ष, कार्याध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार आणि मग बत्तीस शुभेच्छुकांचे बत्तीस फोटो. त्यात एकाने तरी रात्रीच्या कार्यक्रमासाठी काळा चष्मा लावलेला असतो. सर्वांत खाली जागा उरली तर एक ओळ असते : ‘प्रबोधनपर भीमगीतांचा कार्यक्रम. सुप्रसिद्ध गायक अमुक अमुक आणि संच.’

या ओळीतला जो ‘आणि संच’ आहे ना, तो मी. म्हणजे मी, ढोलकवाला, बेंजोवाला आणि दोन कोरसवाले, असे पाचजण मिळून. चाळीस वर्षे मी याच नावाने सुप्रसिद्ध आहे. माझ्या नातीला शाळेत बाईंनी विचारले, “तुझे आजोबा काय करतात?” ती म्हणाली, “आजोबा आणि संच आहेत.” बाईंना काही कळले नाही, पण त्यांनी शाबासकी दिली.

पेटीवाल्याची जागा मोठी मजेची आहे. गायकाला समोरची माणसे दिसतात, टाळ्या दिसतात. मला गायकाची मान दिसते. मानेची शीर फुगली की समजायचे, आता बुवा वरचा सा घेणार. मानेवरून घाम ओघळला की समजायचे, बुवा पुढची ओळ विसरले. अशा वेळी आम्ही पेटीवर तीच सुरावट दोनदा वाजवतो. लोकांना वाटते, मास्तरांनी काय सुंदर जागा घेतली! त्या जागेचा जन्म विसरण्यातून झालेला असतो.

सुपारी आणि समाजकार्य

मार्च महिना लागला की सुपारी द्यायला मंडळे येतात. मंडळाचे तीन कार्यकर्ते पुढे बसतात, दोन दारात उभे राहतात. चहा होतो. मग मुख्य कार्यकर्ता घसा खाकरून म्हणतो, “मास्तर, समाजाचं काम आहे.”

हे वाक्य ऐकले की आमच्या ढोलकवाल्याचा चेहरा उतरतो. कारण ‘समाजाचं काम आहे’ याचा अर्थ बिदागी निम्मी. ‘आपल्याच माणसांचं काम आहे’ म्हणाले तर पाव. आणि ‘मास्तर, तुम्ही तर घरचेच’ म्हणाले की जाण्या-येण्याचे भाडेही आपलेच समजावे. मंडपवाला समाजाचाच, विजेच्या माळावाला समाजाचाच, आचारीसुद्धा समाजाचाच. पण समाजाचे काम म्हणून दर कमी करावा, हे फक्त गाणाऱ्यालाच सांगतात. एकदा मी विचारले, “डीजेवाल्याला किती दिले?” कार्यकर्ता प्रामाणिक होता. म्हणाला, “त्याला आधीच सगळे द्यावे लागतात हो, तो ऐकत नाही.” म्हणजे आम्ही ऐकतो, हाच आमचा दोष!

बिदागीत जे कमी पडते ते सत्कारात भरून निघते. शाल, पुष्पगुच्छ आणि बाबासाहेबांचा ग्रंथ. ग्रंथ मी जपून ठेवतो, वाचतोही. शाली मात्र एवढ्या साठल्या की आमच्या मंडळींनी एका पावसाळ्यात अकरा शाली एकीवर एक लावून झकास गोधडी शिवली. आज माझी नात तीच पांघरते. आमच्या घरात गौरवाची ऊब आहे ती अशी, अगदी शब्दशः.

दोनच मिनिटे

कार्यक्रमाची वेळ पोस्टरवर सायंकाळी सात. सातला मंडपात आम्ही आणि कुत्री. आठला त्रिशरण-पंचशील. नंतर पाहुणे. पहिले पाहुणे माइकसमोर येऊन म्हणतात, “गाण्याचा कार्यक्रम आहे, मी आपला जास्त वेळ घेणार नाही, दोनच मिनिटे बोलतो.” हे ऐकले की आमचा बेंजोवाला पाय पसरून शांतपणे झोपतो. त्याला अनुभवाने ठाऊक आहे की अजून पाऊण तास आहे.

सन २००० च्या ध्वनी प्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो. वर्षातले ठराविक दिवस, जास्तीत जास्त पंधरा, रात्री १२ पर्यंत सवलत देता येते. कायदा चांगला आहे. वस्तीत आजारी माणसे असतात, परीक्षेला बसलेली मुले असतात. पण गंमत अशी की कायदा भाषणाला आणि गाण्याला सारखाच लागू असूनही, दहाचा काटा नेमका गाण्यावरच पडतो. साडेनऊला आम्हाला माइक मिळतो. मग बुवा एका श्वासात दोन गाणी म्हणतात आणि तिसऱ्याच्या मुखड्यावर हवालदारसाहेब मंडपाच्या कडेला उभे दिसतात. आमच्याकडे एक हवालदार होते, तेही आपल्यातलेच. ते घड्याळ दाखवायचे आणि दुसऱ्या हाताने मांडीवर ठेकाही धरायचे.

आपल्या चळवळीत गाण्याची जागा भाषणाच्या मागे नव्हती, हे नव्या मुलांना सांगायला हवे. नाशिकचे भीमराव कर्डक यांनी १९३० च्या दशकात जलसा उभा केला. गणातला गणपती आणि गवळणीतला कृष्ण बाजूला सारून तिथे शिक्षण, स्वाभिमान आणि बाबासाहेबांचा विचार आणला. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांच्यापर्यंत चळवळ पोहोचली ती डफ, ढोलकी आणि तुणतुण्यावरून. कर्डकांनी पुढे १९७८ मध्ये आंबेडकरी जलशांवर पुस्तकही लिहिले. तेव्हाचे कलावंत दिवसा कामावर आणि रात्री फडावर असत. आम्ही त्यांचेच वारस. फक्त ते पायी जात, आम्ही टेम्पोत मागे, पेटीवर पाय न लागू देता, पोटाशी गुडघे घेऊन जातो.

बहिष्कृत पेटी

आता थोडे माझ्या पेटीविषयी. ही बाई मूळची परदेशी. १८४२ मध्ये पॅरिसमध्ये देबां नावाच्या कारागिराने तिचे पेटंट घेतले. तेव्हा तिचा भाता पायाने हलवीत. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी मांडी घालून वाजवण्याजोगी हातपेटी तयार केली आणि ती देशभर पसरली.

पण पेटीचा खरा इतिहास पुढेच आहे. १९४० मध्ये रेडिओवर पेटीला बंदी झाली. तिचे सूर पक्के ठोकलेले, तिच्यातून मींड निघत नाही, ती आपल्या संगीताला लायक नाही, असे मोठमोठ्या विद्वानांचे म्हणणे पडले. ही बंदी १९७१ पासून टप्प्याटप्प्याने सैल झाली. म्हणजे तीस वर्षे आकाशवाणीच्या दारात तिला प्रवेश नव्हता! आता सांगा, जिला बाहेर काढले ती कुठे गेली? कीर्तनात गेली, तमाशात गेली आणि आमच्या वस्तीतही आली. आमच्या लोकांनी तिला विचारले नाही की बाई, तुझ्यातून मींड निघते का? दारात उभ्या राहिलेल्याला आत घ्यायचे, एवढे आम्हाला ठाऊक होते. म्हणून कुणी पेटीला नाव ठेवले की मला राग येत नाही. मी म्हणतो, बाई अनुभवी आहे; बहिष्कार काय असतो ते तिला माहीत आहे.

आमच्या बेंजोची कथाही अशीच. टाइपरायटरसारखी बटणे असलेले हे वाद्य जपानमध्ये १९१२ च्या सुमारास तयार झाले. ते आपल्याकडे आले आणि बुलबुलतरंग झाले, आपण त्याला बेंजो केले. बेंजोवाला ही कथा ऐकल्यापासून स्वतःला बौद्ध राष्ट्राचा प्रतिनिधी समजतो आणि चहा सर्वांच्या आधी मागतो.

राहिली ढोलक. ती पक्की इथलीच आणि हवामानखात्याहून हुशार. पाऊस येणार असला की तिचे चामडे आधी सैल पडते. मग कागद पेटवून तिला शेक द्यायचा. एका मंडपात हा शेक चालू असताना मंडपवाला धावत आला आणि त्याने बादलीभर पाणी ढोलकीवर ओतले. त्या रात्री आम्ही पत्र्याच्या डब्यावर कार्यक्रम केला. लोक म्हणाले, नवीन वाद्य चांगले आहे.

काळी तीन ते काळी एक

गायकाचा आवाज आणि बक्षिसाची नोट यांचे नाते कोणत्याही संगीताच्या पुस्तकात दिलेले नाही. आमचे बुवा सुरुवात करतात काळी तीनमध्ये. तासाभराने हळूच मागे वळून म्हणतात, “मास्तर, काळी दोन.” पुढे काळी एक. आता बुवा जमिनीला टेकणार असे वाटते, तोच समोरून कुणी पाचशेची नोट घेऊन येतो. लगेच बुवा गरजतात, “मास्तर, काळी चार!”

बक्षीस आले की नाव पुकारावे लागते. हा आमच्या कार्यक्रमातला सर्वांत अवघड राग. अंतरा ऐन रंगात आलेला असतो आणि चिठ्ठी येते : ‘कालकथित आजोबांच्या स्मरणार्थ नातवाकडून एकवीस रुपये.’ ढोलक चालू ठेवून बुवा नाव वाचतात. लगेच दुसरी चिठ्ठी : ‘वरील नाव चुकले, दुरुस्ती करावी.’ मग दुरुस्ती. मग ज्यांचे नाव राहिले ते रागावून आणखी अकरा रुपये देतात. असे करत मुखडा आणि अंतरा यांच्यात आख्खी गल्ली येऊन जाते.

पूर्वी मला याचे हसू यायचे. आता येत नाही. ज्या माणसाला गावात कुणी नावाने हाक मारली नाही, ज्याच्या बापाला आवाज देताना नावाची मोडतोड केली गेली, त्याला माइकवरून आपले धड नाव, ‘आयुष्यमान’ लावून, चारचौघांत ऐकायला मिळावे, याची किंमत एकवीस रुपये म्हणजे काहीच नाही. तेव्हापासून मी नाव पुकारताना पेटी हळू वाजवतो. नाव स्पष्ट ऐकू गेले पाहिजे.

दुश्मन एकाच डब्यात

कव्वालीचा दुरंगी सामना हल्ली कमी झाला, पण ज्यांनी पाहिला ते विसरणार नाहीत. एका बाजूला बुवांची पार्टी, दुसऱ्या बाजूला बाईंची पार्टी. बाई सवाल टाकणार, बुवा जवाब देणार. लोकांना वाटे, आता हे एकमेकांचा गळा धरतात की काय. एका गावी बाईंनी असा सवाल टाकला की बुवा घामाघूम झाले. समोरचे लोक ओरडू लागले, “जवाब! जवाब!” त्या वेळी बाईंच्याच पार्टीतील कोरसवालीने आमच्या ढोलकवाल्याला डोळ्यांनी खूण करून जवाबाची दिशा दाखवली. कारण? येताना दोन्ही पार्ट्या एकाच टेम्पोत आल्या होत्या, परतही एकाच टेम्पोत जायचे होते आणि भाकरीचा डबा बाईंकडे होता.

बाईंचे कष्ट मात्र आमच्याहून दुप्पट. बुवा रात्रभर गाऊन सकाळी झोपत. बाई रात्रभर गाऊन सकाळी पाणी भरायला नळावर उभ्या असत. आमच्या पोटातल्या आवाजाचे कौतुक करणारे पुष्कळ भेटले. बाईंच्या कमरेतल्या कळीची चौकशी कुणी केली नाही.

गाणे जन्मते कसे?

मुले मला विचारतात, “काका, गाणे सुचते कसे?” मी गाणी लिहीत नाही, पण गाणी लिहिणारा माणूस मी जवळून पाहिला आहे. आमच्या चाळीत एक कवी होते. गिरणीत कामाला. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली, ते रखवालदार झाले. रात्रपाळीला खुर्चीत बसून गाणी लिहीत. कागद म्हणजे बिडीच्या पुड्याचे वेष्टण, पगाराचे पाकीट, लग्नपत्रिकेची मागची बाजू. सकाळी घरी जाण्याआधी माझ्या दारात यायचे आणि म्हणायचे, “मास्तर, जरा पेटी काढा, ठेका धरून बघू.”

चाल बहुतेक वेळा गाजलेल्या सिनेगीताची. त्यावर टीका करणारे म्हणत, ही काय उसनी चाल! कवी म्हणायचे, “सदरा उसना असला तरी आत माणूस आपला आहे ना?” केरवा आठ मात्रांचा. त्यात विचार बसवायचा म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसे झोपवण्यासारखे. कुणाचा पाय बाहेर जाता कामा नये. ‘शिक्षण’ बसते, ‘संघटन’ बसते, पण ‘प्रजासत्ताक’ आला की ढोलकवाला हातच जोडतो.

सर्वांत मोठी अडचण शेवटच्या अंतऱ्याची. आपल्या परंपरेत शेवटच्या अंतऱ्यात कवी आपले नाव गुंफतो. वामनदादा कर्डक यांना हे सोपे होते. ‘वामन’ तीन अक्षरांत कुठेही बसतो. नाशिक जिल्ह्यातल्या देशवंडीत १९२२ मध्ये जन्मलेल्या आणि २००४ मध्ये गेलेल्या या माणसाने हजारो गाणी लिहिली आणि आपली ओळख त्या तीन अक्षरांत ठेवून दिली. आमच्या कवींचे नाव होते पाच अक्षरी. ते ठेक्यात मावेना. शेवटी त्यांनी बापाने ठेवलेल्या नावातली दोन अक्षरे काढून टाकली. मी म्हणालो, “वडील रागावतील.” ते म्हणाले, “रागावू दे. गाण्यात राहिलो तर नातवंडांना तरी सापडेन.”

‘पारंपरिक’

मग कॅसेटचा जमाना आला. आमच्या कवींची दोन गाणी एका कंपनीने घेतली. हातावर दोनशे रुपये ठेवले आणि कागदावर सही घेतली. कॅसेट आली. वेष्टणावर गायकाचा फोटो, आतल्या कागदावर गाण्यांची यादी. कवींच्या गाण्यासमोर छापले होते : ‘गीत – पारंपरिक’. मी ते वाचून दाखवले तेव्हा परंपरा माझ्या उंबऱ्यावर बसून तंबाखू मळत होती. कवी हसले. म्हणाले, “चला मास्तर, जिवंतपणी परंपरा व्हायला भाग्य लागतं.” हसले खरे, पण त्या दिवशी त्यांनी ठेका धरायला सांगितले नाही.

तरी कॅसेटवर गाणे पूर्ण होते. शेवटच्या अंतऱ्यात नाव होते. नंतर डीजे आला. डीजेला मुखडा लागतो, पहिला अंतरा लागतो, मग नुसता धडधडाट. आता मोबाइलवर तर अर्ध्या मिनिटात गाणे संपते. कुणी वाईट हेतूने कापत नाही. शेवट लांब पडतो म्हणून कापतात. पण नाव तिथेच असते ना! गाणे शेंडीपासून कापले असते तर एवढे नुकसान नव्हते. ते पायापासून कापतात आणि पायावरच कारागिराची खूण असते.

काही वर्षांपूर्वी आमचे कवी गेले. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला नातवाच्या मित्रांनी स्पीकर लावला, श्रद्धेने भीमगीते सुरू केली. तिसरे गाणे लागले ते कवींचेच. नातू बाजूला उभा राहून गुणगुणत होता. त्याला ठाऊकच नव्हते. मी त्याला म्हणालो, “बाळा, हे गाणं तुझ्या आजोबांचं.” तो म्हणाला, “नाही काका, हे डीजेचं आहे. जुनं आहे, पारंपरिक.”

मी काही बोलण्याआधी आमच्या मंडळी उठल्या आणि घरी जाऊन वही घेऊन आल्या. या वहीविषयी सांगायला हवे. बुवांचा चष्मा नेहमी घरी राहतो, म्हणून आमच्या मंडळी चाळीस वर्षे गाणी मोठ्या अक्षरात उतरवून देत आल्या. शिक्षण सातवी, पण अक्षर असे की आमंत्रणाची पाकिटे लिहायला अख्खी चाळ त्यांच्याकडे येते. त्यांचा नियम एकच : गाणे अर्धे उतरवायचे नाही. त्यांनी वही उघडून नातवाच्या हातात दिली आणि शेवटच्या अंतऱ्यावर बोट ठेवले. त्याने ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग त्याने स्वतः स्पीकर बंद केला. मी पेटी आणली आणि त्या दिवशी गाणे शेवटपर्यंत म्हटले गेले. आजोबा नातवाला सापडले.

आता वाचक विचारतील, कवींचे नाव काय? ते मी इथे लिहिणार नाही. ते शेवटच्या अंतऱ्यात आहे. ऐकायचे असेल तर गाणे पूर्ण ऐकावे लागेल. त्यांचीही तीच अट होती.

एवढे करा

पेटीवाल्याने उपदेश करू नये, त्याने सूर द्यावा. म्हणून चार सूर देतो.

पहिला : घरात जुनी गाण्याची वही असेल, बिडीच्या वेष्टणावरचे गाणे असेल, तर रद्दीत घालू नका. मुलांना मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो काढायला सांगा आणि बाजूला कवीचे नाव, गाव, वर्ष लिहून ठेवा.

दुसरा : कायदा जाणून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कवीचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. कागदावर सही करून गाणे विकले, तरी ‘हे मी लिहिले’ असे सांगण्याचा हक्क कवीकडेच राहतो. वामनदादांच्या गाण्यांवरचा हक्क २०६४ सालापर्यंत आहे. तेव्हा कालपरवाच्या कवीला ‘पारंपरिक’ म्हणणे ही परंपरेची सेवा नव्हे.

तिसरा : वृद्ध कलावंतांना शासनाचे मानधन मिळते, २०२४ मध्ये ते दरमहा ५,००० रुपये करण्यात आले. पण अर्जासोबत कलावंत असल्याचे पुरावे लागतात. म्हणून मंडळांनो, पोस्टरवर शुभेच्छुकांचे दोन फोटो कमी करा आणि ढोलकवाल्याचे, बेंजोवाल्याचे, कोरसवालीचे नाव छापा. तेच पोस्टर म्हातारपणी त्यांना कामी येईल. ‘आणि संच’ या नावाने अर्ज भरता येत नाही.

आणि चौथा सूर डीजेवाल्या मुलांसाठी. बाळांनो, तुमच्यावर माझा राग नाही. तुमच्या स्पीकरपुढे माझी पेटी म्हणजे वरातीपुढे मुंगी. नाचा, खुशाल नाचा. जयंती आनंदाचीच आहे. फक्त रात्री दहा वाजायला पाच मिनिटे असताना एक गाणे लावा आणि ते कापू नका. नाचून दमलेली मंडळी तेव्हा बसलेलीच असतात. शेवटचा अंतरा येईल, त्यात एक नाव येईल. तेवढे नाव ऐका आणि मग बटण बंद करा.

जयभीम!